एकशेपंधरा डॉलरचं स्थळ

पेट्रोल पावणेदोन रुपयांनी महागलं, त्या संध्याकाळी बाबा पेढे घेऊन घरी आले.

आईने पुडा हातात तोलून पाहिला. "अर्धा किलो? कशाबद्दल?"

"पेट्रोल वाढलं," बाबा म्हणाले.

आईने माझ्याकडे पाहिलं. माझी साप्ताहिक सुट्टी होती, मी केस विंचरत बसले होते. मी खांदे उडवले. ज्या माणसाच्या घरात उभ्या हयातीत इंधन दरवाढीला सुतक पाळलं गेलं, तो माणूस दरवाढीचे पेढे वाटत होता. बाबा एस.टी.तून आगारप्रमुख म्हणून निवृत्त झालेले. डिझेल वाढलं की आमच्याकडे त्या दिवशी कोणी भाजीत मीठ कमी आहे असंसुद्धा म्हणायचं नाही, असा दंडक होता.

"एकशेपंधरापर्यंत जाऊन आलाय बॅरलचा भाव," बाबा सोफ्यावर ऐसपैस बसत म्हणाले. "इराकमध्ये फार पेटलंय. अजून वाढेल म्हणतात."

"देव करो," आई सवयीने म्हणाली, आणि मग आपण काय बोललो हे लक्षात येऊन आत निघून गेली.

झालं होतं असं, की त्याच महिन्यात माझ्यासाठी एक स्थळ सांगून आलं होतं. मुलगा निनाद कुरुंदवाडे, मूळचा जयसिंगपूरचा, आता टेक्सासात मिडलंड नावाच्या गावी. कालिंदीमावशी, म्हणजे आईची मावसबहीण, मध्यस्थ होती. तिने फोनवर एकाच वाक्यात सगळी माहिती दिली होती: "मुलगा तेलात आहे." आईला आधी वाटलं, घाणा वगैरे असेल.

तसं नव्हतं. तिकडे जमिनीखाली खोल एक पापुद्र्यांचा खडक असतो, त्यात तेल मुरलेलं असतं. पूर्वी ते निघत नसे. आता विहीर आधी सरळ खाली न्यायची, मग आडवी वळवायची, आणि खडक फोडून तेल बाहेर काढायचं, ही विद्या त्यांना साधली होती. शेलचं तेल म्हणतात त्याला. फक्त काढायला खर्च फार. जगात भाव चढा असेल तरच परवडतं. म्हणजे इराकमध्ये एखादं शहर पडलं, की मिडलंडमध्ये एक विहीर जास्त पडणार, आणि मिडलंडमध्ये विहीर पडली की सांगलीच्या विश्रामबागेत माझ्या लग्नाची शक्यता वाढणार. मुलाच्या वडिलांनी, दिगंबररावांनी, पहिल्याच भेटीत हे बाबांना समजावून सांगितलं होतं. ते सहकारी बँकेतून निवृत्त झालेले, त्यामुळे हमी द्यायची त्यांना सवय होती. "तेल शंभराच्या वर आहे तोवर आमच्या निनादला मरण नाही," ते म्हणाले होते.

बाबांनी पत्रिका गुरुजींकडून एकदाच पाहून घेतली. तेलाचा भाव मात्र ते रोज पाहायला लागले.

त्यासाठी त्यांना लांब जायची गरज नव्हती. मी एका दैनिकाच्या सांगली आवृत्तीत उपसंपादक होते आणि त्याच वर्षी मार्चमध्ये देश-विदेशचं पान माझ्याकडे आलं होतं. त्याआधी सहा वर्षं मी जाहिराती लावून उरलेल्या जागेत राशिभविष्य आणि नळाला पाणी न येण्याच्या बातम्या बसवल्या होत्या. हे पान माझं होतं. शेवटची बातमी हातावेगळी करून मशीनवर पान सोडताना जो काही क्षण असतो, त्यासाठी मी रोज रात्री अकराला स्कूटीवरून घरी यायला तयार होते.

स्थळाची नेमकी तीच अट होती.

"एकच अट आहे त्यांची," मावशी म्हणाली होती. "साखरपुड्याआधी शलाकाने नोकरी सोडायची. लग्न ठरलेली मुलगी रात्री अकराला घरी येते, बरं दिसत नाही म्हणे."

"म्हणे कोण?" मी विचारलं.

"दिगंबरराव. आणखी कोण? जुन्या वळणाचे आहेत. मुलाचं तसं काही नाही हो. मुलगा अगदी मोकळा आहे."

मुलगा खरोखरच मोकळा होता. रविवारी सकाळी लवकर, तिकडे शनिवारची संध्याकाळ असताना, आम्ही स्काइपवर बोलायचो. पहिल्याच वेळी त्याने लॅपटॉप उचलून खिडकीपाशी नेला आणि मला मिडलंड दाखवलं. सपाट, तपकिरी, झाडाचं नाव नाही. लांबवर लोखंडी सांगाडे मान खालीवर करत होते, कुणाच्या तरी प्रत्येक बोलण्याला हो म्हणत असल्यासारखे.

"जत तालुका वाटतोय," मी म्हटलं.

तो मनापासून हसला. "जतला निदान खाणावळ बरी मिळते. इथे सगळी धूळ आणि ट्रक."

"तू नक्की करतोस काय?"

"विहीर खणून झाली की आमची पाळी. पाणी आणि वाळू प्रचंड दाबाने आत मारायची. खडक तडकतो, वाळू त्या फटी उघड्या धरते, तेल येतं. पाणी घट्ट करायला त्यात गवारीच्या बियांचा डिंक घालतो. राजस्थानातून येतो तो."

आई मागे भाजी निवडत ऐकत नसल्याचं दाखवत होती. तिला राहवलं नाही. "गवार? तेलाच्या विहिरीत?"

"हो काकू. गवारच."

"दाण्याचं कूट नाही ना घालत?"

"अजून नाही. सुचवून बघतो साहेबांना."

आईला तो तिथेच पसंत पडला. पाणी मात्र तिला पटलं नाही. "आपल्याकडे बोअर मारतात ते पाणी बाहेर काढायला. हे आत घालतात! इकडे जतला टँकर लागतायत," असं ती पुढे दोन दिवस म्हणत होती.

मलाही तो आवडला. बाकीची सगळी स्थळं मला 'पेपरात असता म्हणजे कविता करता का' असं विचारून गेली होती. हा विचारायचा, आज पानावर मुख्य बातमी काय घेतलीस? दोन कॉलमी का चार? मी एकदा त्याला विहिरीचं आयुष्य विचारलं. तो म्हणाला, "शेलची विहीर पहिल्या वर्षी भरभरून देते. मग आटते. म्हणून सारखी नवी मारत राहायची. थांबलो की संपलो." असं सरळ बोलणारा माणूस मला त्या वर्षात दुसरा भेटला नव्हता.

म्हणून मी त्याला अटीबद्दल सरळच विचारलं.

"अट? अरे देवा," तो म्हणाला. "बाबा ना! मी बोलतो त्यांच्याशी. तू नोकरी सोडायची नाहीस. इथे आलेल्या बायकांना काम करू द्यायचं, असा नियम येतोय. तो येईपर्यंत तू तिकडेच तुझं पान लाव. मग ये."

"नक्की?"

"नक्की. पण मला जरा वेळ दे. त्यांना वळवायला हवं."

मी वेळ दिला. आणि ते वळायला लागले.

सप्टेंबरात मावशीचा फोन आला. साखरपुड्याआधीच नोकरी सोडायला हवी असं काही नाही, लग्नाच्या आधी सोडली तरी चालेल. मी हा निरोप आईला दोनदा सांगितला. "बघ, भांडतोय माझ्यासाठी."

बाबांनी वर्तमानपत्रातून डोकं वर काढलं. "भांडतोय कसला? भाव बघ. शंभराच्या खाली आलाय."

"बाबा, तुम्हाला हल्ली सगळ्यात तेल दिसतं."

"मला तेल दिसतं, तुला निनाद दिसतो. दोन्ही एकाच विहिरीतलं."

बाबांचं तेव्हा चित्त थाऱ्यावर नव्हतं. अमेरिकेतला जावई हातचा जातोय की काय, या काळजीने ते रोज सकाळी माझं पान उघडायचे, आतली छोटी चौकट शोधायचे आणि रोज तेच बोलायचे.

"हे 'घसरण' कशाला लिहितेस? मंडळी वाचतात. दिगंबरराव वाचतात."

"मग काय लिहू?"

"'किंचित नरमाई' लिहावं."

"पंधरा डॉलर उतरलाय, बाबा."

"म्हणूनच नरमाई. आपल्या इथे हळद हजाराने पडली तरी आपण नरमच म्हणतो की. बाजाराला सभ्य भाषा असते."

मी 'घसरण'च लिहीत राहिले. त्यात तत्त्वाचा भाग थोडा होता. आमचे वृत्तसंपादक सबनीस यांना 'नरमाई' अजिबात खपत नसे, हा भाग जास्त. त्यांच्या मते बाजार एक तर उसळतो, नाहीतर कोसळतो. मधल्या अवस्थेत असलेला बाजार ते अकराव्या पानावर टाकायचे.

ऑक्टोबरात भाव पंच्याऐंशीवर आला आणि मावशीचा पुन्हा फोन आला. लग्नानंतरही काही महिने नोकरी केली तर हरकत नाही. नोव्हेंबरात भाव ऐंशीच्या खाली गेला. व्हिसा मिळेपर्यंत खुशाल करा, म्हणून निरोप आला. मी निनादला म्हटलं, "कमाल केलीस हं." तो म्हणाला, "हळूहळू वळतायत. मी सांगितलं होतं ना." त्याचा चेहरा उतरलेला दिसायचा. मला वाटायचं, वडिलांशी वाद घालून दमलाय.

खरं तर जगभरच्या तेलाच्या भावाचा आलेख मी स्वतः, रोज, आकडा तपासून छापत होते. मावशीच्या फोनच्या तारखा मला पाठ होत्या. दोन्ही गोष्टी एकाच डोक्यात होत्या आणि त्यांची एकमेकींशी ओळख नव्हती.

एक गोष्ट मात्र मला तेव्हाही चमत्कारिक वाटली होती. दिगंबरराव रोज संध्याकाळी कचेरीत फोन करायचे.

"सूनबाई, आजचा भाव?"

"काका, अजून सून झाले नाही मी."

"बरं, मग शलाका, आजचा भाव?"

मी ब्रेंटचा, म्हणजे जगभर प्रमाण धरतात त्या तेलाचा, भाव सांगायचे. ते पलीकडे तो आकडा पुटपुटायचे आणि न चुकता विचारायचे, "उद्या तूच आहेस ना ड्युटीवर?" एकदा माझ्या सुट्टीच्या दिवशी दुसऱ्याच कुणी फोन उचलला, तर दुसऱ्या दिवशी तक्रार: "त्या पोराला ब्रेंट माहीत नाही. क्रिकेटपटू आहे का म्हणून मलाच विचारतो." माझी नोकरी सोडवायला निघालेला हा माणूस माझ्या ड्युटीची इतकी चौकशी का करतो, हे मला कळेना. मी त्याला स्वार्थ असं नाव देऊन टाकलं.

नोव्हेंबरच्या शेवटच्या गुरुवारी व्हिएन्नात तेल निर्यातदार देशांची बैठक होती. भाव सावरण्यासाठी उत्पादन कमी करायचं की नाही, हे ठरणार होतं. आमच्या घरात त्या बैठकीचं महत्त्व कुठल्याही निवडणुकीपेक्षा जास्त होतं. बाबा दुपारीच गणपतीला जाऊन आले. आई म्हणाली, "अरब मंडळींसाठी गणपतीला?" बाबा म्हणाले, "देव एकच."

संध्याकाळी साडेआठच्या सुमाराला बातमी आली. कपात नाही. भाव पडला तर पडू दे, महाग तेल काढणारे आपोआप बंद पडतील, असा सरळ हिशेब होता. महाग तेल काढणारे म्हणजे निनाद.

मी मथळा केला: 'तेल कपातीस नकार, शेल कंपन्यांवर संक्रांत'.

सबनीस खुर्चीमागे येऊन उभे राहिले. "संक्रांत जानेवारीत असते. 'गदा' कर. आणि भाव 'कोसळले' घे. चार कॉलमी."

"सर, दोन कॉलमी पुरे."

"का? तुझ्या घरचं कार्य आहे?"

हे त्यांना ठाऊक नव्हतं, ते सहज बोलले होते. मी चार कॉलमी घेतली.

बाबांचा फोन आला. टीव्हीवर पट्टी बघितली होती. "किती कॉलमी?"

"चार."

"पान एकवर?"

"नाही. माझ्या पानावर."

"तेवढंच बरं," बाबा म्हणाले.

मग दिगंबररावांचा आला. या वेळी 'सूनबाई' नाही, 'शलाका' नाही. "खरं का?"

"खरं, काका."

"छापून येणार?"

"मीच लावतेय."

"लाव," ते म्हणाले. "आहे ते लाव. त्याच्या कॅम्पावरची निम्मी माणसं या महिन्यात कामावरून गेली, म्हणत होता. मला वाटलं, घाबरवतोय."

निनादने मला हे सांगितलं नव्हतं.

रविवारी सकाळी बैठक ठरली. बोलणी पक्की करायची, असं निरोपात होतं. पण गुरुवारच्या बातमीनंतर आमच्या घरात एक विलक्षण बदल झाला होता. बाबांची काळजी गेली होती. पाच महिने ज्या भावासाठी त्यांनी देव पाण्यात ठेवले, तो कोसळताच त्यांच्या लक्षात आलं, की आता समोरच्या पक्षाला आपली गरज जास्त आहे. ते ठेवणीतला पांढरा सदरा घालून, हात मागे बांधून, आगारातून गाड्या सोडायच्या वेळी फिरायचे तसे हॉलभर फिरत होते.

"आपण काही बोलायचं नाही," ते आईला म्हणाले. "त्यांना बोलू दे. आपण ऐकायचं."

"आणि मग?"

"मग आपल्या अटी."

दिगंबरराव, त्यांची पत्नी आणि कालिंदीमावशी आले. दिगंबररावांच्या काखेत शुक्रवारचा अंक होता, माझंच पान वर आलेलं. टीपॉयवर लॅपटॉप ठेवला. त्यात निनाद. तिकडे शनिवारची रात्र. तो इस्त्रीचा शर्ट घालून बसला होता.

मावशीने घसा साफ केला. "तर नोकरीचं आता काहीच नाही हं. शलाकाने नोकरी करावी. कायमची करावी. उलट करावीच."

"करावीच?" बाबा आढ्याकडे बघत म्हणाले. "बघू. विचार करू."

"निनाद इकडे यायलाही तयार आहे," निनादची आई म्हणाली.

"इकडे म्हणजे कुठे? इकडे विहिरींना पाणी नाही, तेल कुठलं?" बाबा रंगात आले. "पुण्यात नोकरी बघावी त्याने. आणि नोकरी लागेपर्यंत दर महिन्याला, प्रयत्न कुठवर आले, ते कळवावं. लेखी."

"अहो," आई म्हणाली.

"का? आपल्याकडे चालकाला रोज लॉगशीट भरावं लागत होतं."

निनाद पडद्यावर कसंनुसं हसला. मला त्याची दया आली. आणि दया आली म्हणून मी म्हणाले, "बाबा, पुरे. पाच महिने त्याने माझ्या नोकरीसाठी घरात वाद घातलाय. आता तुम्ही त्याला लॉगशीट भरायला लावू नका."

दिगंबररावांनी चहाचा कप खाली ठेवला.

"वाद?" ते म्हणाले. "कुणाशी?"

"तुमच्याशी, काका. नोकरीच्या अटीवरून."

"माझ्याशी कशाला घालेल? मी तर जूनमध्येच म्हटलं होतं त्याला. अरे, पेपरातली मुलगी, जगाची खबर जिच्या हातात, तिला घरी कशाला बसवतोस? मला उलट आयता भाव कळेल." ते भाबडेपणाने हसले. मग कुणीच हसत नाही हे त्यांच्या लक्षात आलं. ते बायकोकडे पाहू लागले. बायको पंख्याकडे पाहू लागली.

मी लॅपटॉप माझ्याकडे वळवला. "निनाद, अट कुणाची होती?"

"हॅलो?" निनाद म्हणाला. "हॅलो? आवाज अडकतोय तुमचा."

"तोंड तर नीट हलतंय की त्याचं," आई म्हणाली.

"निनाद."

त्याने कॉलर सैल केली. वाईट माणूस नव्हता तो. खोटं बोलायची त्याला सवयही नव्हती, म्हणून तर इतका वेळ लागला.

"तेव्हा परिस्थिती वेगळी होती," तो म्हणाला.

"तेव्हा एकशेपंधरा होता."

"तसं नाही गं. इथे मित्रांच्या बायका येतात, नोकरी सोडून आल्या म्हणून वर्षभर रडतात. मला वाटलं, आधीच सोडलेली असली की... त्रास कमी होईल. सगळ्यांनाच. आणि मी सांगितलं तर तुला राग आला असता. बाबांचं नाव घेतलं तर कुणी वाईट वाटून घेत नाही. सगळेच घेतात वडिलांचं नाव."

"घेतात," मावशीने दुजोरा दिला. "त्यात काय? मीसुद्धा तेच सांगते सगळीकडे."

"मग सप्टेंबरात अट सैल कशी झाली?"

"कामं कमी व्हायला लागली होती."

"ऑक्टोबरात?"

"दोन क्रू बंद झाले."

"आणि आता?"

"परवा माझा झाला," तो म्हणाला. निनादच्या आईने पदर तोंडाला लावला. "आता तुझी नोकरी आहे, ते किती बरं झालं. मी खरंच म्हणतोय, शलाका. मला आता पटलंय."

हे तो अगदी मनापासून म्हणत होता. त्याचाच मला जास्त धक्का बसला. मी पाच महिने ज्याला माझ्या बाजूचा लढवय्या समजत होते, तो माझ्याशी भाव उतरेल तसतसा सहमत होत गेला होता.

"आणि भाव परत चढला की?" मी विचारलं.

निनादने विचार केला. त्याची हीच गोष्ट मला आवडली होती. तांत्रिक प्रश्न विचारला की तो मान तिरकी करून नीट विचार करून उत्तर द्यायचा.

"दोन-तीन वर्षं तरी चढत नाही," तो म्हणाला. "साठा खूप झालाय. खात्रीने सांगतो."

हॉलमध्ये सुटकेचा नि:श्वास ऐकू आला. प्रत्येकाला हे उत्तर पुरेसं वाटलं.

"बघ!" बाबा म्हणाले. "दोन-तीन वर्षं!"

"तोवर मूलबाळ होईल," मावशी म्हणाली. "मग कोण कशाला नोकरीचं काढतंय?"

पुढे काही वर्षांनी तेलाचा भाव एका दिवसापुरता शून्याच्याही खाली गेला, म्हणजे विकणारेच वर पैसे देऊन तेल न्या म्हणत होते. ती बातमी लावताना मला ही खोली आठवली. त्या दिवशी आमच्याकडे कुणाचं लग्न निघालेलं नव्हतं, नाहीतर बाबांनी काय काय मागून घेतलं असतं, सांगता येत नाही.

मी उठले. "माझ्याकडून नाही," मी म्हणाले. निनादकडे बघून म्हणाले, दिगंबररावांकडे बघायचं धाडस झालं नाही. "तुझी नोकरी गेली म्हणून नाही. ती जाण्याआधी खरं सांगितलं असतंस, तर मी आनंदाने थांबले असते."

"अगं, म्हणजे काय?" निनाद म्हणाला. या वेळी त्याला आवाज स्वच्छ ऐकू येत होता.

"जी माझी नोकरी एकशेपंधराला चालत नव्हती आणि बहात्तरला चालते, ती तुझ्या हातात मी देणार नाही. माझं पान मी लावते."

मी खुंटीवरची किल्ली घेतली. बाबा गडबडून उभे राहिले. अटी घालायचा त्यांना चांगला सराव होता, पण त्या बैठकीतून कुणी खरोखर 'नाही' म्हणून उठेल, याची त्यांनी तयारी केली नव्हती.

"शलाका! अगं, थांब. आता तर आपली बाजू वर होती!"

"मला कामाला जायचंय, बाबा."

"साडेअकराला? तुझी ड्युटी चारला असते!"

मी दारात चपला घालत होते, तेव्हा मागून बाबांना समजावणारा दिगंबररावांचा आवाज आला. बँकेत काउंटरवर भांडण झालं की ज्या थंड आवाजात मिटवायचे, तसा असावा.

"जाऊ द्या तिला, भालचंद्रराव. आजचा भाव यायचा असेल."

रविवारी बाजार बंद असतो. हे त्यांना माझ्याइतकंच ठाऊक होतं.